श्वासाजवळ बसताना

कसारा घाट चढला की इगतपुरी येतं. तिथलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आता जगभर ओळखलं जातं. त्याचे संस्थापक, १९२४ साली मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका, ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही साधना शिकले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं भरू लागली.

या दहा दिवसांच्या शिबिरांतल्या मौनाबद्दल बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण खरी साधना घरी परतल्यावर, रोजच्या धावपळीत सुरू होते. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचाही नाही; प्राणायामाहून हे वेगळं आहे. दोन-चार श्वासांत मन निसटतंच. गॅस बंद केला का, लोकल मिळेल का! निसटलं हे कळलं की, स्वतःवर न रागावता, पुन्हा श्वासाकडे यायचं. मन भटकतं म्हणून कितीतरी जण ध्यान सोडून देतात, याची मला फार हळहळ वाटते. कारण भटकल्याचं कळणं हाच तर सराव आहे. पुढे राग उसळताना श्वास कसा जलद होतो, जबडा कसा आवळतो, हे आपलं आपल्यालाच दिसू लागतं.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला शिबिरात सांगतात. नवख्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी, शक्यतो जेवणाआधी. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी जरूर बोलावं.