‘हो’ म्हणजे काय?



दारूबंदीच्या मतदानात आपल्यापुढे उभी बाटली आणि आडवी बाटली असते. अर्थ चुकत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २ ऑगस्ट २०२२ रोजी, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच, गर्भपाताच्या हक्कावरही मत मागितले गेले. घटनादुरुस्तीचे नाव होते ‘दोघांचेही मोल जाणा’. ‘हो’ म्हणजे राज्यघटनेने या हक्काला दिलेले संरक्षण काढणे, ‘नाही’ म्हणजे ते राखणे! कोणत्याच पक्षात नाव न नोंदवलेल्यांनाही इथे मत होते. सुमारे ५९ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले.

समाजकार्य करणारी बाई म्हणून मी सांगते, प्रस्तावाच्या गोड नावावर जाऊ नका. ‘हो’ म्हटल्याने कायद्यात काय बदलेल आणि ते कोणत्या बाईला भोगावे लागेल, हे आधी विचारा. मगच शिक्का मारा.