फौजदारी न्यायाच्या पायऱ्या
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामीण कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी सरली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. पावसाळ्यातील अडचणीत घेतलेली उचल त्यांना अंगमेहनतीने फेडावयाची असते. समजा, अशा एका जोडप्याला हिशेब दाखविला जात नाही, भट्टी सोडू दिली जात नाही आणि ‘निघून गेलात तर पोलिसांत केस करू’ असा धाक घातला जातो. हे जोडपे कसेबसे गावी परतले, तर प्रथम सरपंचाकडे किंवा गुरुजींकडेच येईल. त्या वेळी मिळणाऱ्या सल्ल्यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून फौजदारी कायद्यातील शब्दांचे नेमके अर्थ गावातील जाणत्यांना ठाऊक असले पाहिजेत.

पहिला भेद दिवाणी व फौजदारी यांचा. देणेघेणे हा दिवाणी वाद होय. केवळ कर्ज फिटले नाही म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. उलट, वेठबिगार पद्धती नष्ट करणाऱ्या १९७६ च्या कायद्याने असे वेठीचे कर्जच रद्द ठरविले आहे. वेठबिगारी करावयास लावणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. म्हणजे धाक घालणारा फिर्यादी नसून आरोपी होण्याचा संभव अधिक.

दुसरा भेद दखलपात्र व अदखलपात्र गुन्ह्यांचा. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस अधिपत्राविना अटक करू शकतात व स्वतःहून तपास सुरू करतात. अदखलपात्र गुन्ह्याची, ज्याला लोक ‘एन. सी.’ म्हणतात त्याची, नोंद होते. परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. जामीनपात्र व अजामीनपात्र हा भेद याहून निराळा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असतो; अजामीनपात्र गुन्ह्यात तो अधिकाऱ्याच्या वा न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. १९७६ च्या कायद्याखालील गुन्हे दखलपात्र असूनही जामीनपात्र आहेत. त्यामुळे भट्टीमालक जामिनावर सुटून गावात दिसला, तर ‘केस संपली’ असे समजू नये. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. शिवाय, पीडित अनुसूचित जमातीचा असून आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो.

आता पायऱ्या पाहू. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि १९७३ च्या प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. पहिली पायरी प्रथम खबर, अर्थात एफ.आय.आर. खबर देणाऱ्यास ती वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. माळशेज घाटाच्या पायथ्याशी घडलेल्या गुन्ह्याची खबर घाट चढून जुन्नर तालुक्यात दिली, तरी ‘आमची हद्द नाही’ म्हणून ती नाकारता येत नाही. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

त्यानंतर तपास. यात पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, पुरावा गोळा करणे व आवश्यक तर अटक येते. पोलिसांपुढील जबाबावर साक्षीदाराने सही करावयाची नसते. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावेच लागते. ही हमी संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिली आहे. कोठडीत असलेल्या आरोपीविरुद्ध गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. तपास कोठवर आला, हे फिर्यादीस किंवा पीडितास ९० दिवसांत कळविण्याचे बंधनही नव्या संहितेने घातले आहे.

दोषारोपपत्रानंतर प्रकरण न्यायालयात उभे राहते. शहापूर व मुरबाड येथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी आहेत. गंभीर प्रकरणे सत्र न्यायालयाकडे सुपूर्द होतात. दोषारोप ठेवणे, सरकार पक्षाचा पुरावा, आरोपीचे म्हणणे, बचावाचा पुरावा, युक्तिवाद व निकाल असा क्रम सामान्यतः असतो, त्यानंतर अपील. निकाल लागेपर्यंत तो माणूस आरोपी असतो, गुन्हेगार नव्हे. हे शब्दभान शाळेत व चावडीवर दोन्हीकडे राखावयास हवे.

‘गावचे प्रकरण गावातच मिटवू’ ही वृत्ती कित्येकदा सद्‌हेतूची असते. तथापि, कायद्याने तडजोडयोग्य ठरविलेलेच गुन्हे मिटविता येतात, तेही काही बाबतींत न्यायालयाच्या परवानगीने. अजामीनपात्र गुन्हा वा संशयास्पद मृत्यू यांची माहिती दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला कळविणे हे पोलीस पाटलाप्रमाणेच पंचायत सदस्याचेही कर्तव्य आहे.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून पाऊल मागे घेण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत विधी सहाय्यास पात्र आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. त्या कातकरी जोडप्याला अर्ज लिहून देणारा एक गुरुजी आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जाणारा एक पंचायत सदस्य मिळाला, तर न्यायाची पहिली पायरी त्यांना चढता येईल. पुढच्या पायऱ्या कायद्याने बांधून ठेवलेल्याच आहेत.