केरळ नव्हे, अंदमान

(स्नेहमेळाव्यातील 'एक प्रवास, जो विसरले नाही' या सत्रात केलेले भाषण)



आयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "जेवणानंतरचं सत्र आहे, लोक पेंगतात, हलकंफुलकं बोल. हनिमूनची गंमत वगैरे." म्हटलं, ठीक आहे. घरी येऊन विचार करायला लागले, तेव्हा लक्षात आलं, की माझ्या हनिमूनबद्दल मी तुमच्यापैकी निम्म्या लोकांशी खोटं बोलले आहे. लग्नाला आलेल्या मैत्रिणींना मी सांगितलं होतं, "केरळला गेलो होतो, मुन्नार फार छान आहे." मी मुन्नार आजपर्यंत पाहिलेलं नाही. तेव्हा आज जुना हिशोब मिटवते.

माझं लग्न फेब्रुवारी २००५ मध्ये झालं. माहेर आपलं बाळकुम, सासर डोंबिवली पूर्व. अंदमानचं बुकिंग आम्ही नोव्हेंबरमध्येच केलं होतं. हॅवलॉक बेटावर, म्हणजे आता ज्याला स्वराज द्वीप म्हणतात तिथे, दहा झोपड्यांचं एक साधं गेस्टहाऊस. समुद्र अगदी दारात. दोघांचेही पगार नवे, पण एकदाच जायचंय म्हणून जरा हात सैल सोडला होता.

आणि २६ डिसेंबर २००४ ला, रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुमात्राजवळ समुद्राखाली भूकंप झाला. तीव्रता ९.१. सुमात्रापासून थेट अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीचा भेग पडलेला पट्टा. पुढचं सगळ्यांना आठवत असेल. 'त्सुनामी' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. आपल्याकडच्या बेटांवर सर्वांत मोठा घाव निकोबारवर बसला. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं आणि तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं.

घरात लग्नाच्या याद्या चालू होत्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिकडे माणसं मेलीत. तिथे कसला मधुचंद्र?" माझ्या आईचंही तेच. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आम्ही बुकिंग रद्द करायला फोन लावला. पलीकडे गेस्टहाऊसच्या मालकिणीचा मुलगा होता. तो म्हणाला, "पैसे परत करतो, त्याची काळजी करू नका. पण हॅवलॉकला फारसं काही झालेलं नाही. घर उभं आहे, बोट चालू आहे, पाणी आहे. फक्त माणूस नाही. जमलं तर या."

नवऱ्याने त्याला बरेच प्रश्न विचारले. तुमच्या वाटचं पाणी, धान्य आम्ही खाणार नाही ना? मदतीच्या बोटीतली जागा अडवणार नाही ना? दवाखाना चालू आहे का? प्रत्येकाचं उत्तर त्याने नीट दिलं. मग आम्ही ठरवलं, जायचं. फेब्रुवारीत ऑफिसमध्ये रिलीज होता, रजा मार्चअखेर मिळाली. आणि घरी वाद नको म्हणून सांगितलं, "अंदमान रद्द. चेन्नईमार्गे केरळ." विमान चेन्नईवरूनच होतं, त्यामुळे निम्मं तरी खरं होतं.

पोर्ट ब्लेअरला उतरलो, तेव्हा मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. आणि जे होतं ते वाटलं नव्हतं. बाजार चालू होता, शाळेची मुलं दप्तरं घेऊन चालली होती. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी आम्ही दोघंच उभे होतो. पण शहराबाहेर सिप्पीघाटला रिक्षावाल्याने गाडी थांबवली आणि शेतं दाखवली. भाताची खाचरं खाऱ्या पाण्याखाली. माडाच्या रांगा पाण्यात उभ्या, शेंडे वाळलेले. मी म्हटलं, "अजून पाणी ओसरलं नाही?" तो म्हणाला, "हे ओसरणारं पाणी नाही, मॅडम. जमीनच खाली बसली आहे."

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, भूकंपात जमीन वर-खाली होते, हे तुम्ही शिकवलं होतं आणि मी पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण दक्षिण अंदमान सुमारे एक मीटर खचलं म्हणजे एका शेतकऱ्याचं रान कायमचं समुद्राचं झालं, हे मला त्या रस्त्यावर कळलं. आम्ही खाडीकाठची माणसं. भरती आली की ओहोटी येणार, हा आमचा जन्माचा भरवसा. तिथे ओहोटी येऊनही जमीन मोकळी होत नव्हती.

वाटेत पत्र्याच्या निवाऱ्यांच्या रांगा लागल्या. नवऱ्याच्या हातात कॅमेरा होता. रिक्षावाला काहीच बोलला नाही, फक्त त्याने रिक्षा थोडी जोरात काढली. नवऱ्याने कॅमेरा पिशवीत ठेवला. त्याबद्दल आम्ही नंतरही कधी बोललो नाही.

हॅवलॉकला सरकारी बोटीने गेलो. गेस्टहाऊसची मालकीण साठीच्या आसपासची बंगाली बाई. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९५० च्या दशकात त्या बेटावर वसवलं होतं, त्यांपैकी एका घरातली. आम्ही तिला मावशीच म्हणायला लागलो. दहा झोपड्यांपैकी दोनच भरलेल्या. एकीत आम्ही, दुसरीत एक म्हातारा परदेशी माणूस. मावशी आम्हाला जेवायला वाढायची आणि समोर बसून बघत राहायची. मासे, भात, डाळ. एक दिवस म्हणाली, "तीन महिन्यांनी या चुलीवर पाहुण्यांचा भात शिजतोय."

मी पोर्ट ब्लेअरहून निघताना एसटीडी बूथवरून घरी फोन केला होता. घामाने ओढणी चिंब झालेली आणि मी सासूबाईंना सांगतेय, "हो आई, मुन्नारला छान थंडी आहे, स्वेटर आणला ते बरं झालं." बूथवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आता मुख्य गोष्ट. २८ मार्चची रात्र, सोमवार. दहाच्या सुमाराला मावशीचा मुलगा दार बडवायला लागला. "उठिए, ऊपर चलना है!" पोर्ट ब्लेअरहून कुणा नातेवाइकाचा फोन आला होता, की सुमात्राकडे पुन्हा मोठा भूकंप झालाय. तीव्रता ८.६ होती, हे मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की पळायचं आहे.

अंधारात मी एका पायात माझी आणि एका पायात नवऱ्याची चप्पल घालून धावले. मावशीने सगळ्यांना मोजलं. आम्ही दोघं, तो परदेशी आजोबा, कामाची दोन मुलं, शेजारचं बाळंतीण असलेलं घर. मग सगळे बेटाच्या आतल्या बाजूला, चढावर. एक टॉर्च पुढे, एक मागे. वर पोचल्यावर एका घराच्या अंगणात चटया टाकल्या गेल्या. कुणी रडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. चंद्र वर आला होता. सगळे कान देऊन बसले होते, समुद्राचा आवाज बदलतो का ते ऐकत. माझं लग्न होऊन दोन महिनेही झाले नव्हते. नवऱ्याने माझा हात धरला होता आणि त्याचा हात थरथरत होता. त्या आधी मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या रात्री तो मला कळला.

लाट आली नाही. इंडोनेशियात निआस बेटावर त्या भूकंपाने शेकडो माणसं घेतली, आमच्या बाजूला समुद्र शांत राहिला. पहाटे खाली आलो. मी मावशीला म्हटलं, "उगाचच धावलो आपण." ती म्हणाली, "उगाच धावलो, हेच तर चांगलं झालं."

मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे खोटा अलार्म दोनदा वाजला, की तिसऱ्यांदा लोक तो बंदच करून टाकतात. मावशीचं ते वाक्य मी पुढे कितीतरी मीटिंगमध्ये वापरलंय. तेव्हा हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती, नातेवाइकाच्या फोनवर सगळं चालू होतं. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र १५ ऑक्टोबर २००७ ला सुरू झालं. मी ती बातमी वाचली, तेव्हा मला टॉर्च घेऊन माणसं मोजणारी मावशीच आठवली.

दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. सासूबाईंनी टीव्हीवर बातमी पाहिली होती. म्हणाल्या, "बघ, बरं झालं तुम्ही अंदमानला गेला नाहीत!" मी म्हटलं, "हो आई." आणि फोन ठेवला.

निघताना मावशीने पैसे घेतले आणि माझा हात धरून म्हणाली, "लाटेने आमचं काही नेलं नाही गं. भीतीने नेलं. तू तिकडे जाऊन दहा जणांना फोटो दाखव. सांग, की आम्ही आहोत." मी शब्द दिला. छत्तीस फोटोंचा रोल धुऊन आणला, अल्बम केला आणि साड्यांच्या खाली कपाटात ठेवून दिला. कारण फोटो दाखवले तर केरळचं खोटं उघडं पडणार. एकालाही दाखवले नाहीत.

मग चारच महिन्यांनी २६ जुलै. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. मी अंधेरीच्या ऑफिसात अडकले. लोकल बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी चालत, मिळेल त्या वाहनाने बाळकुमला माहेरी आले. आमच्या बैठ्या घरात कमरेइतकं पाणी येऊन गेलं होतं. गाद्या, धान्य, माझी सगळी इंजिनीअरिंगची पुस्तकं चिखलात. आई-बाबा शेजारच्या माळ्यावर रात्रभर बसले होते. शेजारच्यांनी त्यांना तसंच मोजलं असेल.

पाणी गेलं, घर धुतलं, भिंती वाळल्या. ऑगस्टमध्ये धाकट्या भावासाठी मुलीकडची मंडळी येणार होती. त्यांचा निरोप आला, "तिकडे लेप्टोची साथ आहे म्हणतात, सध्या नको." मग मावशी यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. आत्या म्हणाली, "तुमचंच इतकं झालंय, आम्ही कशाला आणखी त्रास द्यायचा." सगळे चांगल्या मनानेच बोलत होते. एका संध्याकाळी आई ओट्यावर बसून म्हणाली, "पाणी दोन दिवसांत ओसरलं. माणसं महिनाभर आली नाहीत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नारळी पौर्णिमेच्या दिवशी मी डोंबिवलीला अल्बम काढून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी एकेक पान उलटलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गेलात याचा राग नाही. खोटं बोललात, याचा आहे. आणि त्या बाईला शब्द दिला होतास ना? मग मी कितवी?"

मी म्हटलं, "पहिली."

दोन दिवस त्या माझ्याशी तुटक वागल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच शेजारणीला अल्बम दाखवत होत्या. पुढे २००८ मध्ये सासू-सासरे यात्रा कंपनीबरोबर सेल्युलर जेल पाहायला गेले, तेव्हा वेळ काढून मावशीकडे जाऊन आले. मावशीने विचारलं म्हणे, "कोण? ती दोन तऱ्हेच्या चपलांवाली? तिला म्हणावं, तीन वर्षं लागली का?" दहाही झोपड्या भरलेल्या होत्या. ते काही माझ्यामुळे नव्हतं. पण ऐकून बरं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, आपत्ती आली की लगेच फिरायला जायचं का? नाही. जिथे माणसं अजून ढिगाऱ्याखाली आहेत, जिथे पाणी मोजून मिळतंय, तिथे आपण ओझंच. आधी विचारायचं. तिथल्याच माणसाला विचारायचं, टीव्हीला नाही. तो 'या' म्हणाला तर जायचं, त्याच्याकडे राहायचं, त्याच्याकडे जेवायचं, आणि कॅमेरा कुठे आत ठेवायचा ते ओळखायचं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. बंधनं उठल्यावर आम्ही मुलीला घेऊन तिथे गेलो तो याच हिशोबाने. तिथल्या काकूंनी मोदक केले आणि समोर बसून आम्हाला जेवताना बघत राहिल्या. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

आणि एक शेवटचं. ते फक्त बेटांचं नाही. २०२१ मध्ये आपल्या बॅचमधल्या एका मैत्रिणीचा नवरा करोनात गेला. ती आज इथे आहे, तिला विचारूनच हे सांगतेय. आपल्या ग्रुपवर ओळीने हात जोडलेली चित्रं पडली. मीही टाकलं. पण फोन केला नाही. काय बोलायचं कळेना, तिला त्रास नको, असं स्वतःला समजावलं. माझ्या आत्याने २००५ मध्ये केलं, तेच मी केलं. सगळं शिकून झाल्यावर केलं. सहा महिन्यांनी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने दार उघडलं आणि म्हणाली, "आत ये, चहा टाकते. पातेलं मोठं घ्यायचं विसरलेच होते मी."

मावशीला दहा जणांचा शब्द दिला होता. या सभागृहात आज दहाहून कितीतरी जास्त माणसं आहेत. अल्बम मी आणला आहे, चहाच्या टेबलावर ठेवते. सगळ्यांनी बघा. त्यातल्या शेवटच्या फोटोत दारात उभी आहे, ती मावशी. आणि पायांकडे पाहिलंत तर माझ्या चपला अजूनही वेगवेगळ्याच आहेत. दुसरी जोडी चढावरून येताना कुठेतरी राहिली, ती सापडलीच नाही.