परतीची वाट : जुन्या घरातील विजेविषयी थोडे



या व्यासपीठावर इतिहासावर आणि संतवाङ्मयावर बोलणारे विद्वान येऊन जातात. त्यांच्यामागून मी गीझर आणि रेडिओची खरखर हा विषय घेऊन उभा आहे. पण या खरखरीपायी आमचे घर जळता जळता राहिले, म्हणून धीर केला.

आमचे घर आजोबांच्या वेळचे. सागवानी जिना, आणि भिंतीवरून लाकडी पट्ट्यांतून नेलेल्या तारा. घर बांधले तेव्हा त्यांवर चार-सहा दिवे आणि एक पंखा चाले. पुढे त्याच तारांवर फ्रीज, गीझर, धुलाईयंत्र, संगणक आले. चार पाहुण्यांच्या पंगतीत सबंध वऱ्हाड येऊन बसावे, तशी गत!

काही वर्षांपूर्वी असे होऊ लागले की, वर कोणी गीझर लावला की खाली देवघरातला जुना पिवळा दिवा मंद होई आणि आईचा रेडिओ खरखरू लागे. आईचे निदान तयार होते : “तुझा तो गीझरच मेला अवलक्षणी!” मी नवा गीझर आणला. खरखर तशीच.

मंडळी, वीज घरात एका तारेने येते आणि दुसरीने परत जाते. येणारी ती फेज, परतीची ती न्यूट्रल. येणारीची आपण फार बडदास्त ठेवतो. बटण तिच्यावर, टेस्टर तिला. परतीच्या तारेला कोणी विचारीत नाही. जुन्या घरांत तर अनेक खोल्यांच्या परतीच्या तारा वाटेत कुठेतरी एकमेकींना पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून एकच केलेल्या असतात. मग गीझरचे दुखणे देवघरात आणि देवघराचे रेडिओत पोचते ते या सामाईक वाटेने.

ती वाट शोधायला साधन कोणते? बॅटरीवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर! मध्यम लहरींवर, जिथे कोणतेच केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि घरभर हिंडा. प्रथम मेन स्विच बंद करा. तरीही आवाज राहिला तर दोष घराबाहेरचा. थांबला तर एकेक वस्तू चालू करीत जा. सारखी, एकसुरी गुणगुण ऐकू आली तर ती बहुधा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची असते. तो सेकंदाला शंभर वेळा वीज तोडतो आणि जोडतो. ती त्रासदायक खरी, पण निरुपद्रवी. तडतड मात्र अनियमित असेल, तर कुठेतरी ठिणगी पडते आहे असे समजावे.

आमची तडतड जिन्याखाली सर्वांत मोठी होती. तारेवरूनही आवाज पसरतो, म्हणून नुसत्या कानावर विसंबलो नाही. पट्टीला हात लावला तर ती कोमट लागली. मेन बंद करून वायरमनने पट्टी उघडली. आत परतीच्या तारांचा जोड काळा पडलेला, आणि भोवतालचे सागवान कोळशासारखे झालेले.

याचा हिशेब सोपा आहे. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. सैल जोडाचा विरोध अवघा एक ओहम धरला, तरी तेथे सुमारे ७५ वॉटची उष्णता निघते. म्हणजे कोरड्या लाकडाच्या पेटीत तापलेली डागणी ठेवल्यासारखेच! आणि फ्यूज काही उडत नाही, कारण वीज ठरल्याहून जास्त वाहतच नाही.

एक सूचना येथेच करतो. ज्यांच्या घरी तीन फेज आहेत, त्यांच्याकडे काही दिवे मंद आणि काही एकाएकी प्रखर झाले, तर मुख्य न्यूट्रल सुटत आहे असे समजून ताबडतोब मेन बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. उपकरणे क्षणात जळतात. न्यूट्रल तुटली म्हणून नळाच्या पाइपाला तार जोडून काम भागवणारे महाभागही असतात. त्या घरात आंघोळ करणाऱ्याचा देवच वाली.

आम्ही तारा नव्या घातल्या. वर आणि खाली एकेक आरसीसीबी बसवला. यात जाणारी आणि परतणारी वीज एकाच लोखंडी कड्यातून जाते. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की स्विच पडतो. आमचा खालचा स्विच रोज संध्याकाळी पडू लागला. वायरमन म्हणाला, “साहेब, काढून टाकू हा. जुन्या घरांत टिकत नाही.” मी म्हटले, थांबा. संध्याकाळी नवे काय लागते? जिन्यातला दिवा! त्याच्या तेवढ्या तारा आम्ही जुन्याच ठेवल्या होत्या. कुणीतरी पूर्वी तार वाचवण्यासाठी फेज खालून घेतली होती आणि परतीची वाट वरच्या मजल्याकडून उसनी आणली होती. नऊ वॉटचा दिवा, पण ते सुमारे ४० मिलिअँपिअर खालून जात आणि खाली परतत नसत. स्विच खरे तेच सांगत होता. पाच-सहा हात नवी तार ओढली, आणि तो पुन्हा पडला नाही.

रेडिओत अजून एक बारीक गुणगुण आहे. ती वरच्या एलईडी दिव्याची. दिवा बदलला की जाते, हे मी पाहिले आहे; पण तो नातीच्या अभ्यासाच्या टेबलावरचा, आणि आई म्हणते, राहू दे.