हरलेल्यांच्या आठ खुर्च्या

नाशिकचा काळा दगड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. पांडवलेणी कोरली ती याच दगडात, काळाराम मंदिर बांधलं ते याच दगडाचं, आणि ब्रह्मगिरीवरून गोदावरी खाली येते तीही याच कातळावरून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर आला, थरावर थर पसरला, आणि त्यातून आपलं दख्खन घडलं. भूशास्त्रज्ञ पुढं जे सांगतात ते मला फार विलक्षण वाटतं. ज्या तप्त जागेतून हा लाव्हा वर आला ती जागा जवळजवळ आहे तिथंच राहिली आणि आपला भूखंड मात्र उत्तरेकडे सरकत गेला. तिच्या डोक्यावरून समुद्राचा तळ सरकत राहिला आणि त्या वाटेवर बेटं उठत गेली. आधी मालदीव आणि चागोसची रांग, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आज ती आग मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही मधूनमधून वाहतो. मॉरिशस हे असं आपल्या सह्याद्रीचं धाकटं भावंड आहे. या भावंडाचा कारभार कसा चालतो, ते आज सांगायचं आहे.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. मॉरिशसचं मुख्य बेट साधारण पासष्ट किलोमीटर लांब आणि पंचेचाळीस किलोमीटर रुंद. लहानमोठी बेटं धरून सगळा देश २,०४० चौरस किलोमीटरचा. आपला नाशिक जिल्हा साडेपंधरा हजारांचा, म्हणजे असे सात देश त्यात मावून वर जागा उरेल. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक महापालिकेच्या हद्दीतच १४ लाख ८६ हजार माणसं होती. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर, आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मं. बेटाभोवती प्रवाळाची भिंत, भिंतीच्या आत शांत उथळ पाणी, मधोमध पठार, आणि पठारावर व उतारांवर ऊस.

या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. ते माणसांनी हातांनी वेचून रचलेले आहेत. नांगर चालावा म्हणून एकेक दगड उपसायचा, डोक्यावरून वाहायचा आणि कडेला टाकायचा. दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून आपल्या लोकांना इथून नेलं, अशी गोष्ट मॉरिशसमध्ये आजही सांगतात. दगड उलटण्याचं काम मात्र खरोखरच वाट्याला आलं.

या बेटावर मूळचं असं कुणीच नव्हतं. डच १५९८ मध्ये उतरले आणि १७१० मध्ये निघून गेले. त्यांच्यामागून फ्रेंच आले आणि त्यांनी मादागास्कर व मोझांबिककडून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये गुलामी संपली, आणि उसाला हात हवेत म्हणून करारावर मजूर आणायला १८३४ पासूनच सुरुवात झाली होती. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली, बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून, काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे कोकणी शेतकरी पुष्कळ होते. मॉरिशसमधली मराठी माणसं ती त्यांची पतवंडं-खापरपतवंडं.

पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट नावाची जागा आहे. २००६ मध्ये युनेस्कोनं ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. तिथं दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. जहाजातून उतरलेला प्रत्येक मजूर त्या चढून वर यायचा, नोंद व्हायची, नंबर मिळायचा आणि मग मळ्यावर रवानगी. कारकुनानं ऐकलेलं नाव वहीत चढायचं ते बहुतेक वेळा नुसतं पाळण्यातलं. आजोबांचं ते नाव मग नातवंडांचं आडनाव झालं. गावाचं नाव, घराण्याचं नाव मागेच राहिलं. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा मळ्यांवर रिवाज होता. १८६७ च्या कायद्यानं जुन्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगायची सक्ती केली. तो नसला की अटक. त्या परवान्यांचे फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवले आहेत. फेटा बांधलेला, सरळ कॅमेऱ्याकडे पाहणारा एखादा कोकणी तरुण त्यात सापडतो, आणि त्याचे वंशज तिथं जाऊन त्याचा नंबर शोधतात.

गुलामांच्या वंशजांना तिथं क्रिओल म्हणतात. त्यांच्या कथेशीही नाशिकचा एक धागा जुळतो. समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं एकोणिसाव्या शतकात आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवली जात. तिथंच शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन १८७४ मध्ये लंडनला गेला. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. हिंदी महासागराच्या त्या व्यापाराचं एक टोक इथंही होतं, ते फारसं कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

आता कारभाराकडे येतो. १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झाला. गांधीजी दांडीला निघाले तो दिवसही १२ मार्चच. पण त्या दिवशी बेटावर सगळा आनंदीआनंद नव्हता. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला पडली होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली, आणीबाणी लागली, बाहेरून ब्रिटिश फौज आणावी लागली. त्याआधी १९६१ मध्ये पुढे नोबेल मिळालेल्या जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञानं अहवालात लिहून ठेवलं होतं की वाढती लोकसंख्या आणि एकट्या उसावरचं पोट, यांतून या बेटाचं काही धड होणं कठीण आहे.

धास्ती समजण्यासारखी होती. हिंदू बहुसंख्य. एकगठ्ठा मतदान झालं तर मुसलमान, चिनी वंशाचे आणि क्रिओल यांच्या हाती काय लागणार? म्हणून घटनेत एक तजवीज झाली. तिला तिथं ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. मला ती या बेटाची सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मुख्य बेटावर वीस मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून तिघं निवडून येतात. आपल्याकडे महापालिकेच्या एका प्रभागात चार नगरसेवक असतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की तिथं जागा वेगवेगळ्या नसतात, मतदार तीन नावांवर खुणा करतो आणि पहिले तिघं जिंकतात. साठ इथले आणि दोन रॉड्रिग्ज बेटाचे, असे बासष्ट सदस्य. आपल्या नाशिक महापालिकेत २०१७ मध्ये १२२ नगरसेवक निवडून आले, म्हणजे या देशाची संसद आपल्या महापालिकेच्या साधारण निम्मी. निकाल लागला की निवडणूक आयोग पाहतो, कोणत्या समाजाचे लोक त्याच्या संख्येच्या मानानं सभागृहात कमी आले. मग हरलेल्या उमेदवारांपैकी त्या समाजातला, ज्यानं चांगली मतं मिळवली असा माणूस बोलावून त्याला खुर्ची देतात. अशा जास्तीत जास्त आठ खुर्च्या. पहिल्या चार फक्त समाज पाहून, पुढच्या चार पक्षांचं प्रमाण बिघडू नये हेही पाहून. या सदस्यांचे अधिकार निवडून आलेल्यांइतकेच.

याचा एक उपयोग घटना लिहिणाऱ्यांच्याही ध्यानात आला नसेल. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच बाजूनं जिंकल्या. सभागृहात प्रश्न विचारायला कोण उरलं? या वाटेनं आलेले विरोधकच. २०२४ नंतर तर विरोधी पक्षनेता याच वाटेनं आला. प्रचंड बहुमतापुढे एक तरी माणूस उभा राहून ‘नाही’ म्हणू शकेल, ही सोय मला फार मोलाची वाटते.

पण तिची बोचणारी बाजूही आहे. प्रत्येक उमेदवारानं अर्जात आपला समाज लिहायचा. समाज चारच: हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. समाजवार मोजणी १९७२ नंतर झालीच नाही, त्यामुळे हिशेब अजून त्याच आकड्यांवर चालतो. आई तमिळ आणि बाप क्रिओल असलेल्या तरुणानं काय लिहावं? आम्ही मॉरिशियन आहोत, यापलीकडे काही लिहिणार नाही, असं म्हणणाऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं ही सक्ती चुकीची ठरवली. २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सैल केली, पण कायमचा तोडगा निघालेला नाही. आणि खुर्च्या दिल्या म्हणून सगळ्यांची मनं भरली असंही नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लाडका क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट काही दिवस पेटलं. गुलामांच्या नातवंडांना आपल्या वाट्याला कमी आलं असं वाटतं, आणि त्यांच्या वस्त्या पाहिल्या तर ते खोटं म्हणता येत नाही.

तरीही मीड यांचं भाकीत खरं ठरलं नाही. उसाच्या जोडीला कापडाचे कारखाने आले, मग पर्यटन, मग बँका. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत झालं. देशाला लष्कर नाही, पोलीस आणि किनारा राखणारं दल तेवढं आहे. १९९२ मध्ये प्रजासत्ताक झाला, तरी शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जातं. चागोस बेटं स्वातंत्र्याआधी १९६५ मध्ये इंग्रजांनी मॉरिशसपासून तोडून घेतली. तिथल्या माणसांना घरदार सोडायला लावून त्यांतल्याच दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ उभा राहिला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ही तोडणी बेकायदा असल्याचं मत दिलं. एवढ्याशा देशानं ब्रिटनसारख्या सत्तेला तिथपर्यंत खेचलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

यात आपली मराठी माणसं कुठं? संख्येनं अगदी थोडी, लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास. घरात बहुतेकांची बोली क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. तरी प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये तो वरपर्यंत शिकता येतो, आणि सरकारी रेडिओवर मराठी कार्यक्रम होतात. गणपती बसवायला १८९६ मध्ये सुरुवात झाली असं सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथं अजून नाचतात. जी भाषा घरात बोलली जात नाही ती शाळेनं आणि सणानं धरून ठेवली आहे. हे सरकारी पैशावर आणि मंडळांतल्या लोकांच्या रिकाम्या वेळावर चालतं. मुलं पुढच्या इयत्तेत मराठी सोडून देतात, ही तिथल्या शिक्षकांची काळजी आहे, आणि नाशिकमध्ये बसून ती आपल्याला परकी वाटू नये.

शेवटी रॉड्रिग्जबद्दल सांगायलाच हवं. मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे सहाशे किलोमीटरवर १०८ चौरस किलोमीटरचं हे बेट. लोक जवळजवळ सगळे क्रिओल आणि कॅथलिक. १९६७ मध्ये त्यांनी भरभरून मतं दिली ती स्वातंत्र्याच्या विरोधात. पोर्ट लुईचं राज्य म्हणजे आपल्यावर दुसऱ्यांचं राज्य, असं त्यांना वाटत होतं, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्याकडे लक्षही फारसं दिलं गेलं नाही. पण २००२ मध्ये मॉरिशसनं त्यांना त्यांची स्वतःची प्रादेशिक विधानसभा दिली. शेती, मासेमारी, रस्ते, पाणी हे तिथलेच लोक बघतात, आणि त्यांचा मुख्य आयुक्त त्यांच्यातूनच निवडला जातो. जो देश इंग्रजांकडून स्वतःचा कारभार मागून घेत होता त्यानं आपल्या धाकट्या बेटाचं तेच मागणं मान्य केलं.

त्या विधानसभेनं काय केलं याचा एकच दाखला देतो. रॉड्रिग्जच्या बायका ओहोटीला उथळ पाण्यात चालत जातात आणि लांब अणकुचीदार सळईनं प्रवाळातले ऑक्टोपस टिपतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पिल्लंही उचलली जाऊ लागली तसं ऑक्टोपस कमी आणि लहान मिळू लागले. २०१२ मध्ये विधानसभेनं दोन महिने ही मासेमारी बंद ठेवली. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात तशीच ही बंदी; फक्त इथं त्या दोन महिन्यांत बायकांना किनारा साफ करण्यासारखं रोजंदारीचं काम देण्यात आलं, चूल बंद पडू दिली नाही. बंदी उठली तेव्हा हाती आले ते मोठे, वजनदार ऑक्टोपस. पुढं दरवर्षी ही बंदी होऊ लागली, आणि काही वर्षांनी मॉरिशसच्या मुख्य बेटानंही आपल्या किनाऱ्यावर तसाच बंदीचा हंगाम लागू केला.