मूत्रपिंडविकार, रक्तक्षय आणि तोंडावाटे घ्यावयाचे नवे औषध
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यान, इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशिम)



मूत्रपिंड म्हटले की रक्त गाळणारी चाळणी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु या इंद्रियाकडे आणखी एक मोलाचे काम आहे. ‘एरिथ्रोपोएटिन’ नावाचे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते आणि त्याच्या आज्ञेवरून हाडांतील मज्जा तांबड्या पेशी घडविते. मूत्रपिंड झिजू लागले की ही आज्ञा क्षीण होते आणि रक्तक्षय जडतो. जिना चढताना लागणारी धाप, पायांतील त्राण जाणे, फिकट चेहरा या खुणांना घरची मंडळी “वय झाले” म्हणून सोडून देतात. घात होतो तो येथेच. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेल्यास तो रक्तक्षय समजावा.

१९८९ मध्ये अमेरिकेत कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला मान्यता मिळाली आणि वारंवार रक्त चढविण्याची पाळी टळली. मात्र हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात जपावे लागते. वीज जाणाऱ्या खेड्यात ते सांभाळणे आणि टोचून घेण्यासाठी शहर गाठणे, दोन्ही जिकिरीचे. ते चिनी हॅम्स्टर या प्राण्याच्या प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींपासून बनते, हेही जिज्ञासूंना ठाऊक असावे.

प्राणवायू कमी पडल्याचे पेशींना कसे उमगते, या कोड्याची उकल करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायू उणा होताच ‘एचआयएफ’ नावाचे प्रथिन जागे होऊन एरिथ्रोपोएटिन वाढविते. एरवी एक विकर त्याच्या नाशाची वाट मोकळी करते. नवी औषधे त्या विकराला आवर घालतात. त्यामुळे शरीर स्वतःच संप्रेरक निर्माण करते आणि लोहाचा वापरही सुधारतो. चीनने २०१८ मध्ये रॉक्साडुस्टॅटला मान्यता दिली. अहमदाबादच्या झायडसने विकसित केलेल्या डेसिडुस्टॅटला भारतात मार्च २०२२ मध्ये अनुमती मिळाली. ही गोळी आठवड्यातून तीन वेळा घ्यावयाची असते. डायलिसिस न लागलेल्या ५८८ आणि डायलिसिसवरील ३९२ रुग्णांवरील चाचण्यांत ती इंजेक्शनहून उणी ठरली नाही.

तथापि गोळी आली म्हणून सावधगिरी संपली असे नव्हे. या वर्गातील औषधांनी रक्तात गुठळी होणे, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका संभवतो. कर्करोग असल्यास वा पूर्वी झालेला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हिमोग्लोबिन जितके जास्त तितके चांगले, हाही भ्रम आहे. २००९ च्या ‘ट्रीट’ या अभ्यासात इंजेक्शनने ते १३ पर्यंत नेऊ पाहिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. म्हणूनच ते साधारण ११.५ च्या पुढे मुद्दाम नेत नाहीत. नियमित रक्ततपासणी आणि रक्तदाबावर लक्ष हवेच.

औषध सुरू करण्यापूर्वी लोह आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्यावी. शाकाहारात बी-१२ ची उणीव सहज राहते आणि वनस्पतींतील लोह कमी शोषले जाते. “रक्त वाढावे” म्हणून खजूर व पालेभाज्यांचा मारा करणे मात्र या रुग्णांस घातक ठरू शकते, कारण त्यांतील पोटॅशियम दुबळ्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

पर्युषणात उपवास वा चौविहार करावयाचा असेल, तर रुग्णाने डॉक्टरांना आधी विचारावे. आठवड्यातील तीन दिवशी सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरवून घेता येते. मात्र औषध परस्पर बंद करू नये. आपली प्रकृती जपणे हीदेखील अहिंसाच आहे.

मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एवढा एक संकल्प केला, तरी या व्याख्यानाचे सार्थक होईल.