मागचा चर बुजवू नका
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



25 वर्षांचा आढावा सचिवांनी घेतलाच आहे. मी फक्त आपल्या मागच्या चराबद्दल बोलणार आहे.

प्लॉट घेतले तेव्हा पत्त्यात आपण उस्मानाबाद लिहायचो. ही जागा सखल, पावसाळ्यात नुसती चिबड. काळी माती पाणी पिऊन फुगते, पण ते लवकर खाली मुरू देत नाही. म्हणून आम्ही वर्गणी काढून आधी चर खोदला, मग पाया. पाणी चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून भोगावतीत जाऊ लागलं. भोगावती सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. मुलांनो, तुमच्या अंगणातलं पाणी असं पार बंगालच्या उपसागरापर्यंत जातं बरं का!

पण आपला भाग दुष्काळी. आठ-नऊ महिने चर कोरडा. मग तो फुकट गेलेली जागा वाटायला लागला. गाड्या वाढल्या तशी निम्म्या चरावर भर टाकून आपण पार्किंग केलं. त्या ठरावावर माझीही सही आहे.

पुढं एका परतीच्या पावसात रात्रीतून तळमजल्यावर गुडघाभर पाणी आलं. कुणाची पुस्तकं भिजली, कुणाचे वर्षाचे ज्वारीचे कट्टे. पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, चर होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं." मला उत्तर सुचलं नाही.

नळदुर्गला आपली सहल गेली होती. आदिलशाहीत बोरी नदीवर बांधलेला तो बंधारा, त्यातला पाणीमहाल सगळ्यांनी पाहिला. पाणी अडवलं, तरी जास्तीच्या पाण्याला नर-मादीची वाट ठेवली. चारशे वर्षं झाली, बांध उभा आहे. आणि सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमकडं सीनेच्या पुरानं काय केलं, तेही आपण पाहिलं.

आता उरलेल्या चरावर पक्का स्लॅब टाकायचा विषय सभेपुढं येणार आहे. माझी हात जोडून विनंती, तो टाकू नका. झाकायचाच असेल तर उचलता येतील अशा फरश्या टाका आणि मृगाआधी दरवर्षी गाळ काढा. पहिल्या दिवशी फावडं घेऊन मी येतो. वय 74 आहे, पण येतो.